पिंपात मुरलेले सिंगल माल्ट आणि मोहाची धार : मद्याच्या आस्वादन-परीक्षणाचे स्वरूप

प्रस्तावना

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आंबागड हे गाव वसलेले आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याच्या कारकिर्दीत, इ. स. १७०० च्या सुमारास, राजाखान पठाण याने उभारलेला किल्ला ही या गावाची इतिहासातील ओळख होय. या भागाची दुसरी ओळख म्हणजे रानातील मोहवृक्ष. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळणारी मोहफुले वेचणे, वाळविणे व विकणे हा पूर्व विदर्भातील अनेक कुटुंबांच्या उपजीविकेचा भाग आहे. या फुलांपासून मद्यही गाळले जाते. परंतु त्याचे परीक्षण होत नाही, त्याला प्रत नसते आणि त्याविषयी लिहिले जाते ते प्रामुख्याने पोलिसी कारवाईच्या बातमीत. याउलट स्कॉटलंडमधील सिंगल माल्ट व्हिस्कीच्या चवीची चर्चा जगभर शास्त्रीय परिभाषेत चालते. हे परीक्षण नेमके कसे केले जाते आणि मोहाच्या संदर्भात त्याचा काय उपयोग आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सिंगल माल्ट व पिंपबदल

एकाच भट्टीत, केवळ मोड आणलेल्या जवापासून, तांब्याच्या पात्रात ऊर्ध्वपातन करून तयार झालेली व्हिस्की म्हणजे सिंगल माल्ट होय. ती 'स्कॉच' म्हणविण्यासाठी २००९ च्या नियमांनुसार स्कॉटलंडमध्येच, ७०० लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या ओकच्या पिंपात किमान तीन वर्षे मुरावी लागते आणि तिच्यात मद्यार्काचे प्रमाण किमान ४० टक्के असावे लागते.

लोणचे मुरते त्याप्रमाणे मद्यही मुरते. फरक एवढाच की येथे बरणीचाही चवीत वाटा असतो. आतून जाळलेल्या ओकमधील लिग्निनपासून व्हॅनिलिन तयार होते व व्हॅनिलाचा गंध येतो. लॅक्टोन या द्रव्यांमुळे खोबऱ्याची आठवण होते, तर टॅनिनमुळे तुरटपणा येतो. अमेरिकेतील बर्बन व्हिस्कीसाठी दरवेळी नवे जाळलेले पिंप वापरणे कायद्याने बंधनकारक असल्यामुळे तेथील वापरलेली पिंपे मोठ्या संख्येने स्कॉटलंडला जातात. अशा पिंपात अनेक वर्षे मुरलेली व्हिस्की अखेरच्या काही महिन्यांसाठी शेरी, पोर्ट किंवा अन्य वाइनच्या पिंपात घातली, तर तिला सुक्या फळांचा गंध व गडद रंग प्राप्त होतो. या अखेरच्या मुरवणीस पिंपबदल म्हणता येईल. बाल्व्हेनी भट्टीच्या डेव्हिड स्टुअर्ट यांनी १९८० च्या दशकात ही पद्धत रुजविली. १९९३ मधील 'डबलवुड' हे तिचे प्रसिद्ध उदाहरण होय.

ही प्रक्रिया आता मराठी मुलखालाही अपरिचित राहिलेली नाही. गोव्यातील कुंकळ्ळी येथे तयार होणारी 'पॉल जॉन' ही सिंगल माल्ट २०१२ मध्ये लंडनमध्ये प्रथम सादर झाली. नाशिक जिल्ह्यातील दिंडोरीशी निगडित 'लॉन्जिट्यूड ७७' ही २०२२ मध्ये बाजारात आली. ती बर्बनच्या पिंपात मुरवून नंतर वाइनच्या पिंपात ठेवली जाते. अर्थात, भारतात मुरलेल्या मद्यास 'स्कॉच' म्हणता येत नाही. येथील उष्णतेमुळे मुरण्याचा वेग वाढतो आणि बाष्पीभवनाने होणारी घटही वाढते. स्कॉटलंडमध्ये ती वर्षाला सुमारे २ टक्के, तर बंगळूरच्या 'अमृत'च्या गोदामात १० ते १२ टक्के सांगितली जाते. म्हणून केवळ वयाच्या आकड्यावरून दोन देशांतील मद्यांची तुलना करणे युक्त नव्हे.

परीक्षणाच्या पायऱ्या

परीक्षणासाठी तळाशी फुगीर व तोंडाशी निमुळता प्याला वापरतात, त्यामुळे गंध एकवटतो. परीक्षण साधारणतः चार पायऱ्यांनी होते.

पहिली पायरी रंगाची. मात्र स्कॉचमध्ये साध्या कॅरॅमलचा रंग मिसळण्यास मुभा असल्याने रंग हा वयाचा पुरावा ठरत नाही. दुसरी पायरी गंधाची. प्याला नाकाशी धरताना तोंड किंचित उघडे ठेवल्यास मद्यार्काची झोंब कमी जाणवते. पुढे थोडे पाणी घालून पुन्हा गंध घेतला जातो. पाण्याने मद्यार्क व गंधद्रव्यांचा परस्परसंबंध बदलतो. स्वीडनमधील लिनियस विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकीय प्रतिरूपाच्या साहाय्याने असे दाखविले की मद्यार्काचे प्रमाण उतरल्यावर धुरकट गंधाचे ग्वायकॉल द्रवाच्या पृष्ठभागाजवळ अधिक राहते. तिसरी पायरी लहान घोट जिभेवर फिरविण्याची, आणि चौथी, गिळल्यानंतर रेंगाळणाऱ्या चवीची. पिंपबदल केलेल्या मद्यात येथे एक प्रश्न विचारावा लागतो : दुसऱ्या पिंपाने मूळ धान्याच्या चवीला उठाव दिला, की तिला झाकून टाकले? उत्तम परीक्षण या समतोलाविषयी बोलते.

परीक्षक अनेक असावेत, बाटलीवरील नाव त्यांच्यापासून लपविलेले असावे आणि शब्दांचा अर्थ आधी ठरलेला असावा, ही या पद्धतीची पथ्ये आहेत. याच हेतूने स्कॉटलंडमधील पेंटलँड्स संशोधन संस्थेने १९७० च्या दशकाच्या अखेरीस व्हिस्कीच्या गंधांचे चक्र तयार केले.

परिभाषेचा प्रश्न

इंग्रजी परीक्षणात येणारा 'ख्रिसमस केक' किंवा 'हेदर' हा संदर्भ तुमसरच्या वाचकास काहीच सांगत नाही. गंधाची भाषा अनुभवातूनच घडते. ओकच्या लॅक्टोनसाठी 'सुके खोबरे', शेरीच्या पिंपासाठी 'मनुका व खारीक', जळक्या लाकडासाठी 'खरपूस' हे शब्द अधिक नेमके ठरतात. मराठीत तुरट, उग्र, खमंग, धुरकट, कोंदट अशी गंधरुचीवाचक विशेषणे विपुल आहेत. उणीव आहे ती त्यांचा अर्थ परीक्षणासाठी निश्चित करण्याची.

धारेचा अर्थ

या बाबतीत 'पहिल्या धारेची' हा मराठी वाक्प्रयोग उद्बोधक आहे. लोकव्यवहारात ती सर्वांत कडक म्हणून सर्वोत्तम मानली जाते. माल्टच्या भट्टीत मात्र पहिली धार बाजूला काढतात, कारण तिच्यात ॲसिटाल्डिहाइड, इथाइल ॲसिटेट यांसारखी झटकन उडणारी द्रव्ये अधिक असतात. शेवटची धारही वेगळी करून दोन्ही पुढील खेपेत पुन्हा ऊर्ध्वपातित केल्या जातात; पिंपात जाते ती केवळ मधली धार. कडकपणा हा गुणवत्तेचा निकष नव्हे, हे या भेदातून स्पष्ट होते.

येथे आस्वादनाची मर्यादाही नमूद करणे आवश्यक आहे. मिथेनॉल हे विष जीभ व नाक यांना विश्वासार्हपणे ओळखता येत नाही. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे विषारी दारूने शंभराहून अधिक लोकांचा बळी घेतला. त्यामुळे प्रयोगशाळेतील रासायनिक तपासणी आधी आणि रुचिपरीक्षण नंतर, हा क्रम अपरिहार्य आहे.

मोहाच्या संदर्भात

महाराष्ट्रात मोहफुले व मद्य यांवर १९४९ च्या दारूबंदी कायद्याचे नियंत्रण आहे. २०२१ मध्ये राज्य शासनाने मोहफुलांचे संकलन, साठवण व वाहतूक यांवरील निर्बंध शिथिल केले. शेजारच्या मध्य प्रदेशाने मोहाच्या मद्यास 'वारसा मद्य' म्हणून मान्यता देऊन आदिवासी बचत गटांकडे त्याचे उत्पादन सोपविण्याचे धोरण स्वीकारले. गोव्याच्या काजू फेणीस २००९ मध्ये भौगोलिक उपदर्शन प्राप्त झाले. फेणीचे उदाहरण असे सुचविते की स्थानिक मद्यास प्रतिष्ठा मिळते ती त्याची व्याख्या, प्रक्रिया व प्रत लिखित स्वरूपात निश्चित झाल्यावर.

अर्थात, दारूमुळे उद्ध्वस्त होणारे संसार ही विदर्भातील वस्तुस्थिती आहे. गडचिरोलीत १९९३ पासून लागू असलेल्या दारूबंदीमागे लोकचळवळीचे बळ होते. म्हणून परीक्षणशास्त्राचा पुरस्कार हा मद्यपानाचा पुरस्कार ठरू नये. वाळविलेल्या मोहफुलांची स्वच्छता, आर्द्रता, गंध व गोडवा यांची प्रतवारी करण्यासही हीच पद्धत उपयोगी आहे, आणि त्या फुलांचे लाडू, मुरंबा व मनुकेसारखे पदार्थही होतात.

निष्कर्ष

पिंपात मुरलेल्या सिंगल माल्टचे मोल केवळ चवीत नसून त्या चवीमागील नियम, नोंद व तपासणी यांत आहे. मोहाला मुबलक फूल, परंपरागत कौशल्य आणि भाषा लाभली आहे. नोंद व तपासणी मात्र लाभलेली नाही. रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र, मराठी व अर्थशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन मोहफुलांची प्रतवारी व मराठी गंधकोश सिद्ध केल्यास, पहाटे आंबागडच्या रानात फुले वेचणाऱ्या हातांना त्यांच्या मालाची प्रत स्वतः सांगता येईल. प्रत सांगता आली, तरच भाव मागता येतो.