निशाणी नसलेला सर्पदंश व पहाटेची पोटदुखी

पावसाळ्यात पहाटे दवाखान्यात आलेला पोटदुखीचा प्रत्येक रुग्ण अजीर्णाचा नसतो. बीड जिल्ह्यात पुष्कळ घरांत, शेतातील आखाड्यांवर आणि ऊसतोड मजुरांच्या कोप्यांत अंथरूण जमिनीवरच असते. निशाचर मण्यार तेथे शिरते व झोपेतच दंश करते. तिचे दात बारीक असतात. सूज नसते, वेदनाही नाममात्र. त्यामुळे ‘साप चावला’ असे रुग्ण सांगतच नाही. तो सांगतो पोटातील कळ, ओकारी, घसा धरल्याची भावना.

अशा वेळी आम्लपित्ताचे चूर्ण देण्यापूर्वी, औषध दुकानदारांनीही गोळी देण्यापूर्वी, ‘रात्री कोठे झोपला होतात?’ हे अवश्य विचारावे. पापण्या जड होणे, एकाचे दोन दिसणे, आवंढा गिळता न येणे, उशीवरून मान न उचलणे, एका श्वासात मोजलेले आकडे कमी होत जाणे, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास निदानाची चर्चा पुरे. दंशाची खूण शोधण्यातही वेळ दवडू नये. लक्षणे नसली तरी दंशाची शंका असलेल्या रुग्णास घरी पाठवू नये; लकवा काही तासांनीही उतरतो.

सुश्रुतांनी कल्पस्थानात दंशाच्या चार अंगुळे वर बंध सांगितला आहे. ग्रंथाविषयी पूर्ण आदर राखूनही आज घट्ट बंध बांधू नये. अवयवाचा रक्तपुरवठा तुटण्याचा धोका असतो. गिळणे बिघडले असता घृत वा काढा श्वासमार्गात जाऊ शकतो, म्हणून तोंडाने काहीही देऊ नये. काचेच्या नळीत २० मिनिटांत रक्त गोठले म्हणून निर्धास्त होणे ही आणखी एक फसगत. ती चाचणी घोणस व फुरशासाठी उपयुक्त. मण्यारीच्या विषात रक्त सहसा गोठतेच.

प्रतिविष लवकर मिळाले तरच त्याचा खरा लाभ, कारण मज्जातंतूंची टोके एकदा निकामी झाली की ती सावरेपर्यंत कृत्रिम श्वासच आधार असतो. म्हणून रुग्ण बीडचे जिल्हा रुग्णालय, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा जवळच्या अशा ठिकाणी न्यावा, जेथे प्रतिविषाबरोबर श्वसनयंत्रही आहे. निघण्यापूर्वी तेथे दूरध्वनी करावा. राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाची सेवा आहे. वाहनात श्वास देण्याची पिशवी आहे ना, हे विचारून घ्यावे. प्रवासात रुग्ण कुशीवर ठेवावा. हालचाल पूर्ण थांबली, बाहुल्या विस्फारल्या, तरी नातेवाइकांना ‘संपले’ असे सांगू नये. मण्यारीच्या लकव्यात असा रुग्ण जिवंत, कधी शुद्धीवरही असतो. सोबतच्या चिठ्ठीत पापणी प्रथम जड झाल्याची वेळ आणि दिलेली औषधे लिहावीत.