संकेतस्थळ अभिकल्प

संकेतस्थळावरील पानांची मांडणी, त्यांचे दृश्य रूप, वाचकाने ती वापरण्याची रीत आणि ती चालविणाऱ्या आज्ञावल्या यांच्या एकत्रित योजनेस संकेतस्थळ अभिकल्प असे म्हणतात. मुद्रित पानाच्या मांडणीशी या अभिकल्पाचे जवळचे नाते आहे [⟶ मुद्रण]. तथापि दोहोंत एक मूलभूत फरक आहे. छापखान्यातून बाहेर पडलेल्या पानाचा आकार, टंक आणि शाई कायमची ठरलेली असते. संकेतस्थळाचे पान मात्र दरवेळी वाचकाच्या यंत्रावर नव्याने रचले जाते. त्याच्याकडे पाठविले जाते ते पानाचे चित्र नसून मजकूर आणि तो कसा मांडावा यासंबंधीच्या सूचना असतात. त्यांनुसार पान उभे करण्याचे काम वाचकाकडील ब्राउझर ही आज्ञावली करते. वाचकाचा पडदा केवढा आहे, त्याची जोडणी किती वेगवान आहे, किंबहुना तो पान डोळ्यांनी वाचणार की कानांनी ऐकणार, यांपैकी काहीही अभिकल्पकाला आधी ठाऊक नसते. या क्षेत्रातील बहुतेक प्रश्न या अनिश्चिततेतून निर्माण झाले आहेत.

घटक : संकेतस्थळाचे पान तीन भाषांच्या साहाय्याने तयार होते. एचटीएमएल या भाषेतील खुणांनी मजकुराचा कोणता भाग मथळा आहे, कोणता परिच्छेद, कोणती यादी वा कोष्टक, आणि कोणत्या शब्दांवरून दुसऱ्या पानाकडे जाता येते, हे सांगितले जाते. सीएसएस या भाषेत रंग, टंक, समास, स्तंभ इ. रूपविषयक सूचना असतात. जावास्क्रिप्ट या भाषेतील आज्ञांमुळे पान वाचकाच्या कृतीला प्रतिसाद देऊ शकते. अर्थ, रूप आणि वर्तन या तीन गोष्टी परस्परांपासून अलग ठेवाव्यात, हे या अभिकल्पाचे मुख्य तत्त्व होय. मथळ्याला ‘मथळा’ अशी खूण न करता ती ओळ केवळ मोठ्या व ठळक टंकात दाखविली, तर डोळस वाचकाला फरक जाणवत नाही. परंतु मथळ्यावरून मथळ्याकडे जात पान ऐकणाऱ्या अंध वाचकाच्या दृष्टीने तेथे मथळाच नसतो. शोधयंत्रालाही त्या ओळीचे महत्त्व कळण्याचा एक भरवशाचा मार्ग बंद होतो.

इतिहास : जिनीव्हाजवळील सर्न या अणुकेंद्रीय संशोधनसंस्थेत काम करीत असताना टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये परस्परांशी जोडलेल्या दस्तऐवजांच्या जाळ्याची योजना मांडली. १९९१ मध्ये ती सर्वांसमोर आली आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने तिच्या आज्ञावल्या कोणासही विनामूल्य वापरता येतील असे जाहीर केले. त्याच वर्षी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात तयार झालेल्या मोझेक या ब्राउझरमुळे मजकूर व चित्रे एकाच पानावर पाहणे सामान्य माणसाला सोपे झाले. समान मानके ठरविण्यासाठी १९९४ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियम ही संस्था स्थापन झाली.

आरंभीच्या एचटीएमएलमध्ये पानाच्या रूपाचा विचार फारसा नव्हता. होकोन विउम ली यांनी १९९४ मध्ये सीएसएसची कल्पना मांडली व तिची पहिली आवृत्ती डिसेंबर १९९६ मध्ये मानक म्हणून मान्य झाली. १९९५ मध्ये ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप कंपनीत जावास्क्रिप्टची रचना केली. तथापि त्या काळी नेटस्केप व मायक्रोसॉफ्ट यांच्या ब्राउझरांत तीव्र स्पर्धा होती आणि प्रत्येकाने स्वतःच्या वेगळ्या खुणा प्रचारात आणल्याने एकच पान दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी दिसे. यावर उपाय म्हणून अभिकल्पक आकडेवारीसाठी असलेली कोष्टके पानाचे स्तंभ पाडण्यासाठी वापरू लागले, तर काहींनी संपूर्ण पानेच फ्लॅश या खाजगी तंत्रात तयार केली. फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी काढून घेण्यात आला. त्याबरोबर त्यावर विसंबलेली असंख्य पाने निरुपयोगी झाली. याउलट १९९१ च्या सुमारास साध्या एचटीएमएलमध्ये लिहिलेली पाने आजच्या ब्राउझरमध्येही वाचता येतात. खुल्या मानकांचे महत्त्व या तुलनेवरून ध्यानात येते. एचटीएमएलची पाचवी आवृत्ती ऑक्टोबर २०१४ मध्ये मान्य झाली आणि २०१९ पासून या भाषेचे एकच, सतत सुधारले जाणारे मानक प्रमाण मानले जाते.

पडद्यांचे वैविध्य : २००७ नंतर स्पर्शपडद्याच्या मोबाइल फोनांचा प्रसार झाला आणि संगणकाच्या रुंद पडद्यासाठी ठरविलेली मापे निरुपयोगी ठरू लागली. फोनसाठी वेगळे संकेतस्थळ तयार करावे, असा उपाय प्रथम योजण्यात आला. परंतु त्यात मजकूर दोन ठिकाणी सांभाळावा लागे. ईथन मारकॉट यांनी २०१० मध्ये प्रतिसादी अभिकल्पाची कल्पना मांडली. तीनुसार स्तंभांची रुंदी ठराविक बिंदूंत न देता प्रमाणात दिली जाते, चित्रे उपलब्ध जागेनुसार लहानमोठी होतात आणि पडद्याच्या रुंदीनुसार वेगळे नियम लागू होतात. रुंद पडद्यावर शेजारीशेजारी असलेले तीन स्तंभ अरुंद पडद्यावर एकाखाली एक येतात. २०१७ पासून प्रमुख ब्राउझरांमध्ये उपलब्ध झालेल्या ग्रिड या मांडणीपद्धतीमुळे कोष्टकांचा गैरवापर करण्याचे कारण उरले नाही.

सुगम्यता : दृष्टी, श्रवण, हालचाल वा आकलन यांविषयी अडचण असलेल्या व्यक्तींनाही पान वापरता येणे, यास सुगम्यता म्हणतात. अंध व्यक्ती स्क्रीन रीडर या आज्ञावलीच्या साहाय्याने पडद्यावरील मजकूर ऐकतात. चित्राचे वर्णन शब्दांत दिलेले नसेल, अर्जातील रकान्याला नाव जोडलेले नसेल किंवा बटण केवळ माउसनेच दाबता येत असेल, तर त्यांचे काम तेथेच थांबते. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वे १९९९ मध्ये प्रथम प्रसिद्ध केली, त्यांची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. पान जाणवण्याजोगे, चालविण्याजोगे, समजण्याजोगे व भक्कम असावे, असे त्यांचे चार आधार आहेत. सामान्य आकाराचा मजकूर व त्याची पार्श्वभूमी यांच्या तेजस्वितेचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे, अशा मोजता येणाऱ्या कसोट्याही त्यांत आहेत. अंधुक राखाडी अक्षरांचा प्रघात या कसोटीवर टिकत नाही आणि त्याचा त्रास वृद्ध वाचकांना, तसेच उन्हात फोन पाहणाऱ्या कोणालाही होतो.

भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये माहिती व सेवा सुगम असणे आवश्यक ठरले आहे. ग्राहकाची ओळख ऑनलाइन पटविताना डोळ्यांची उघडझाप करण्याची सक्ती केली जात असे. अंध व्यक्ती आणि आम्लहल्ल्यात चेहरा व डोळे यांना इजा झालेल्या व्यक्ती यांना हे शक्य नसते. या तक्रारीवर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे स्पष्ट केले. अर्ज, शिधा, बँक, परीक्षा यांचे व्यवहार संकेतस्थळांवरून होऊ लागल्यावर पानाची रचना हा केवळ सौंदर्याचा प्रश्न राहिलेला नाही, हेच या निर्णयावरून दिसते.

देवनागरी व मराठी : भारतीय लिप्यांसाठी इस्की ही संकेतप्रणाली भारतीय मानक म्हणून १९९१ मध्ये मान्य झाली आणि त्याच वर्षीच्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरीला स्थान मिळाले. तरीही पुढील सुमारे दोन दशके अनेक मराठी संकेतस्थळे वेगवेगळ्या उत्पादकांच्या खाजगी टंकांवर चालत होती. या टंकांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी अक्षरांची वा त्यांच्या अवयवांची चित्रे बसविलेली असत. वाचकाकडे तो टंक असेल तर पान मराठी दिसे. नसेल तर रोमन अक्षरांची निरर्थक रांग दिसे. संगणकाच्या लेखी तो मजकूर मराठी नव्हताच. त्यामुळे त्यात शोध घेता येत नसे, तो दुसऱ्या टंकात नेता येत नसे आणि स्क्रीन रीडरला वाचता येत नसे. अशा पानांतील मजकूर परिवर्तक आज्ञावल्यांनी युनिकोडमध्ये आणल्याशिवाय आजच्या वाचकाला उपलब्ध होत नाही.

युनिकोडमध्ये चित्राऐवजी वर्णाला क्रमांक असतो. ‘महाराष्ट्र’ हा शब्द वाचकाला चार अक्षरांचा दिसतो. संगणकात मात्र तो म, ह, काना, र, काना, ष, हलन्तचिन्ह, ट, हलन्तचिन्ह व र अशा दहा चिन्हांचा असतो. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास ३ बाइट लागत असल्याने तो ३० बाइट जागा व्यापतो. या चिन्हांपासून जोडाक्षर घडविणे हे टंक आणि ब्राउझर यांचे काम होय. वाचकाकडे टंक नसल्यास तो पानाबरोबर पाठविता येतो. देवनागरी टंकांत जोडाक्षरांच्या शेकडो आकृती असल्यामुळे ते साध्या रोमन टंकांपेक्षा सामान्यतः बरेच मोठे असतात; वॉफ या संपीडित स्वरूपामुळे हा भार काहीसा हलका झाला आहे.

रोमन लिपीसाठी ठरलेले नियम देवनागरीला जसेच्या तसे लावल्यास दोष निर्माण होतात. अक्षरांमधील अंतर वाढविल्यास शिरोरेषा तुटते. ओळींमधील अंतर कमी ठेवल्यास वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रा, रफार व अनुस्वार यांना भिडतात. मजकूर ठराविक उंचीच्या चौकटीत बसविल्यास ती चिन्हे छाटलीही जातात. मोठी व लहान लिपी हा भेद देवनागरीत नसल्याने महत्त्व दर्शविण्यासाठी टंकाचे वजन वा आकार यांचाच आधार घ्यावा लागतो. पानाची भाषा मराठी असल्याचा निर्देश एचटीएमएलमध्ये केल्यास काही टंक ‘ल’ व ‘श’ यांची मराठी वळणे आपोआप निवडतात आणि स्क्रीन रीडर मराठी उच्चार वापरू शकतो. हा निर्देश एका शब्दाचा असूनही अनेकदा राहून जातो. ‘ॲ’ या स्वराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ मध्ये मिळाले. त्यापूर्वी तो ‘अ’ व अर्धचंद्र जोडून लिहीत असत; त्यामुळे दिसायला सारखाच असलेला शब्द दोन प्रकारे साठविला जातो आणि शोधात एक सापडून दुसरा निसटू शकतो. देवनागरीतील ‘.भारत’ हा पत्त्याचा प्रत्यय २०१४ पासून उपलब्ध आहे.

भार व वेग : चित्रे, टंक व जावास्क्रिप्ट यांमुळे पानांचा भार सतत वाढत आहे. २०२४ च्या अखेरीस मोबाइलवरील मध्यम पानाचा भार सुमारे २.३ मेगाबाइट असल्याचे आढळले. वेगवान जोडणी व महागडे यंत्र वापरणाऱ्या अभिकल्पकाला हा भार जाणवत नाही. स्वस्त फोन आणि क्षीण संदेश असलेल्या गावातील वाचकाला तो जाणवतो. मुख्य आशय २.५ सेकंदांत दिसावा आणि वाचकाच्या कृतीस २०० मिलिसेकंदांच्या आत प्रतिसाद मिळावा, असे गूगलने पुरस्कारिलेले निकष प्रचलित आहेत. चित्रांचे संपीडन, अनावश्यक आज्ञा वगळणे आणि मजकूर प्रथम पाठविणे हे यावरील साधे उपाय होत.

परावलंबित्व, सुरक्षितता व विश्वास : आजची संकेतस्थळे इतरांनी लिहिलेल्या असंख्य लहान आज्ञावल्यांवर उभी असतात. मार्च २०१६ मध्ये अवघ्या ११ ओळींची एक आज्ञावली तिच्या कर्त्याने सार्वजनिक भांडारातून काढून घेताच जगभरातील अनेक प्रकल्पांची उभारणी काही तास अडली. असा एखादा भाग दूषित झाल्यास तो वापरणारी सर्व स्थळे धोक्यात येतात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने आज्ञावल्या लिहून घेण्याचा प्रघात २०२२ नंतर वाढला आहे; त्या तपासून पाहण्याची जबाबदारी मात्र वापरणाऱ्यावरच राहते.

पानाची रचना वाचकाला फसविण्यासाठीही वापरता येते. नकार देण्याचे बटण लपविणे, वर्गणी बंद करण्याचा मार्ग अवघड करणे, खोटी घाई निर्माण करणे इ. क्लृप्त्या या प्रकारात मोडतात. भारतात ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी अशा १३ प्रकारांना मनाई करण्यात आली.

साधने : या क्षेत्रातील बहुतेक महत्त्वाची साधने विनामूल्य आहेत. मानकांचे मसुदे सर्वांना वाचण्यासाठी खुले असतात. मोझिलाने चालविलेला एमडीएन हा संदर्भग्रंथ तिन्ही भाषांची तपशीलवार माहिती देतो. पानातील खुणांची शुद्धता तपासणारी साधने वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने उपलब्ध केली आहेत, तर एनव्हीडीए हा विनामूल्य स्क्रीन रीडर वापरून अभिकल्पकास आपले पान ऐकून पाहता येते. मुंबईच्या एक टाइप या समूहाचा मुक्त यांसारखे मुक्त परवान्याचे देवनागरी टंक गूगल फॉन्ट्सवर मिळतात. १९९६ मध्ये स्थापन झालेले इंटरनेट अर्काइव्ह नाहीशा होणाऱ्या पानांच्या प्रती जतन करते. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राच्या पाहणीनुसार २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनंतर उपलब्ध नव्हती.

यंत्रचलित तपासणीने सर्व दोष उघड होत नाहीत. चित्राला वर्णन जोडलेले आहे की नाही हे यंत्र सांगते. ते वर्णन अर्थपूर्ण आहे की नाही हे माणसालाच ठरवावे लागते. म्हणून पान प्रसिद्ध करण्यापूर्वी ते लहान पडद्यावर, मंद जोडणीवर, माउसशिवाय आणि शक्य तेथे अंध व वृद्ध वाचकांकडून वापरून घेणे, ही अभिकल्पाची सर्वांत विश्वसनीय कसोटी मानली जाते.