वाळूचा जमाखर्च : समुद्रकिनाऱ्यांविषयीचे काही गैरसमज

जळकोटसारख्या ठिकाणी बसून समुद्रकिनाऱ्याच्या धुपेविषयी लिहावे हे प्रथमदर्शनी कोणासही विपरीत वाटेल. कारण 1999 साली स्वतंत्र तालुका झालेले हे आमचे गाव बालाघाटाच्या पठारावर, दोन्ही समुद्रांपासून शेकडो किलोमीटर आत वसलेले आहे, आणि येथल्या बहुतेकांचा समुद्राशी संबंध मुंबईस कामधंद्यासाठी गेलेल्या भावाबंदांकडे चार दिवस राहून जुहू किंवा दादरची चौपाटी पाहून येण्यापुरताच येतो. तरीही ऐन आषाढात उधाणाच्या लाटांनी किनारा गिळल्याच्या बातम्या येऊ लागल्या की येथील पारावरही त्यांची चर्चा होते. ‘सरकार एक भक्कम भिंत का घालीत नाही’ असा प्रश्न हमखास विचारला जातो, आणि ‘आपल्याला त्याचे काय, आपण कुठे समुद्राकाठी राहतो’ असा समारोपही तितकाच हमखास होतो. या प्रश्नाच्या आणि समारोपाच्या मुळाशी काही गैरसमज आहेत, आणि ते एकट्या जळकोटचे नसून प्रत्यक्ष किनाऱ्यावर राहणाऱ्यांतही दृढ झालेले आहेत, म्हणून त्यांचा परामर्श घेण्याचे योजले आहे.

सर्वांत बलवत्तर गैरसमज भिंतीविषयीचा. कोकणात जिला सरकारी दफ्तरी ‘धूपप्रतिबंधक बंधारा’ म्हणतात, ती दगडांची रास घातली की किनारा सुरक्षित झाला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आणि ग्रामपंचायतीच्या ठरावापासून विधिमंडळातील प्रश्नापर्यंत सर्वत्र हीच मागणी पुनःपुन्हा होत असते. वास्तविक बंधाऱ्याचे काम त्याच्यामागील घर, रस्ता आणि माडांची बाग राखण्याचे आहे, आणि ते काम तो अनेक ठिकाणी चोख बजावतो. त्याच्यासमोरील वाळू राखणे मात्र त्याच्या हातचे नाही. लाट मोकळ्या पुळणीवर येते तेव्हा उतारावर चढता चढता तिचा जोर जिरतो, तिच्या पाण्याचा काही अंश वाळूत मुरतो, आणि परत फिरताना ती मंद झालेली असल्यामुळे आणलेल्या वाळूपैकी पुष्कळशी तेथेच टाकून जाते. तीच लाट उभ्या भिंतीवर आदळली म्हणजे तिचा जोर फारसा न जिरता मागे वळतो, पाणी उसळून भिंतीच्या पायथ्याशी कोसळते, आणि तेथील वाळू ढवळून निघून ओढीबरोबर खोल पाण्याकडे जाते. श्रावणातल्या उधाणात एखाद्या बंधाऱ्याजवळ थोडा वेळ उभे राहून पाहिल्यास हा प्रकार डोळ्यांना स्पष्ट दिसतो : दर तडाख्यासरशी पाणी गढूळ होते, पायथ्याच्या दगडांखालील आधार सुटत जातो, एखादा दगड कलतो, आणि पुढच्या भरतीस तो ओळीतून निखळून पुढे घरंगळलेला असतो. रत्नागिरीनजीकच्या मिऱ्या येथील बंधारा वारंवार ढासळला आणि वारंवार दुरुस्त करावा लागला, यात केवळ कंत्राटदाराचा दोष शोधणे पुरेसे नाही. पुढची वाळू गेल्यावर पायाच उघडा पडणे हा भिंतीच्या ठिकाणी अंगभूत धोका आहे.

शिवाय भिंत जेथे संपते तेथे, तिच्या टोकापलीकडच्या मोकळ्या जमिनीवर, लाटांचा मारा अधिक होऊन धूप वाढते, आणि मग शेजारचे गावही बंधारा मागू लागते. केरळच्या किनाऱ्यावर अशा रीतीने शेकडो किलोमीटर लांबीच्या दगडी भिंती उभ्या राहिल्या, तरी धुपेची तक्रार तेथे आजही संपलेली नाही. मुंबईच्या मरीन ड्राइव्हचा दाखला पुष्कळदा उलट बाजूने दिला जातो. तेथील कठड्याखाली रचलेले चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे, ज्यांना टेट्रापॉड म्हणतात आणि ज्यांची कल्पना 1950 च्या सुमारास फ्रान्समधील ग्रेनोब्ल येथे निघाली, ते रस्त्याचे रक्षण करतातच. परंतु त्या ठोकळ्यांपुढे पुळण नाही, आणि तेथे कोणी ती अपेक्षीतही नाही. किनारा राखायचा की किनाऱ्यावरील रस्ता राखायचा, याचा निर्णय प्रथम करावा लागतो. दोन्ही एकाच भिंतीने साधत नाहीत. मालवणजवळच्या देवबागसारख्या गावी, जेथे एका बाजूस कर्लीची खाडी आणि दुसऱ्या बाजूस समुद्र यांच्यामध्ये वाळूची चिंचोळी पट्टी हीच काय ती वस्तीची जमीन आहे, तेथे लोकांनी बंधारा मागावा हे सर्वथैव समजण्यासारखे आहे, आणि त्यांना तो नाकारणे हे शहाणपणाचे ठरेल असे मला वाटत नाही. फक्त त्याने वाळू वाढेल असे त्यांना कोणी सांगू नये.

दुसरा गैरसमज ऋतूंचा आहे. पावसाळ्यातील उंच लाटा पुळणीवरची वाळू ओढून नेतात आणि किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर, पाण्याखाली तिचा बांध घालतात. वारा पडल्यावर संथ लाटा तीच वाळू हळूहळू परत आणतात, आणि माघ-फाल्गुनापर्यंत पुळण पूर्ववत रुंद होते. म्हणून ऑगस्टात काढलेले छायाचित्र गेल्या फेब्रुवारीतील छायाचित्राशेजारी ठेवून किनारा नष्ट झाल्याची हाकाटी करणे चुकीचे आहे, आणि फेब्रुवारीत गेलेल्या पाहुण्याने सर्व काही आलबेल असल्याचा निर्वाळा देणेही तितकेच चुकीचे आहे. एकाच ऋतूतील मोजणी कैक वर्षे सलग केल्याशिवाय खरी धूप कळत नाही. अशी सलग तुलना देशभर करण्याचा प्रयत्न चेन्नईच्या राष्ट्रीय तटीय संशोधन केंद्राने केला, आणि 1990 ते 2016 या काळातील उपग्रहचित्रांवरून भारताच्या किनाऱ्यापैकी सुमारे एकतृतीयांश भाग धुपत असल्याचे त्याच्या 2018 च्या अहवालात नमूद झाले. त्याच अहवालातली दुसरी बाब मात्र क्वचितच सांगितली जाते, ती अशी की किनाऱ्याचा जवळजवळ तितकाच भाग वाढतही होता.

वाळू एका ठिकाणी घटते आणि दुसऱ्या ठिकाणी वाढते, याचे कारण ती लाटांच्या तिरकस येण्यामुळे किनाऱ्याला समांतर अखंड वाहत असते. आणि या प्रवाहात माणसाने आडवा बांध घातला की काय होते, याचा सर्वांत जुना धडा मद्रासला मिळाला. 1876 पासून तेथे बंदराचे बांधकाम सुरू झाले, आणि दक्षिणेकडून उत्तरेस जाणारी वाळू त्या बांधाच्या दक्षिणेस अडून साचू लागली. आज जगप्रसिद्ध असलेली मरीना चौपाटी पुष्कळ अंशी याच साठ्यातून विस्तारली आहे, आणि बंदराच्या उत्तरेकडील रोयापुरमच्या कोळीवस्त्यांनी त्याच काळात आपली जमीन गमावली. पुदुच्चेरीतही एकोणीसशे ऐंशीच्या दशकात बांधलेल्या बंदरानंतर शहरापुढील पुळण नाहीशी होऊन तेथे केवळ काळे धोंडे उरले. तथापि पुदुच्चेरीची कथा येथे थांबली नाही : राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेच्या योजनेनुसार 2018 साली पाण्याखाली पाचरीच्या आकाराचा पोलादी बांध बसविण्यात आला, बंदरातील वाळू किनाऱ्यावर आणून टाकण्यात आली, आणि सचिवालयासमोर पुन्हा वाळू दिसू लागली.

‘समुद्रात वाळू ओतणे म्हणजे पैसा पाण्यात घालणे’ असे जे म्हटले जाते, ते म्हणूनच तपासून घ्यावे लागते. वाळू वाहून जाते हे खरे. पण ती जेथे वाहत जाते तो पुढचा किनाराच असतो. नेदरलँड्समध्ये हेग शहराजवळ 2011 साली 2 कोटी घनमीटरांहून अधिक वाळू एकाच ठिकाणी टाकून ती वारा आणि लाटांनी दोहो बाजूंस पसरू देण्यात आली. प्रश्न असतो तो वाळू कोठून आणावयाची आणि किती वर्षांनी पुन्हा टाकावयाची, याच्या हिशेबाचा. आणि हा हिशेब आधी प्रतिकृतीवर तपासून पाहण्याची सोय आपल्याच राज्यात, खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्थेत आहे, जिची स्थापना 1916 सालची आहे.

समुद्राची पातळी वाढत असल्यामुळेच ही सर्व धूप होते, ही समजूत अर्धसत्य आहे. 1901 ते 2018 या काळात जगातील समुद्रपातळी सरासरी सुमारे 20 सेंटीमीटरांनी वाढली आणि वाढीचा वेग अलीकडे वार्षिक 3.7 मिलिमीटरांवर गेला, हे निर्विवाद आहे, आणि पुढील दशकांत तेच कारण प्रबळ ठरण्याचा संभव आहे. परंतु पाच-दहा वर्षांत एखादी पुळण पन्नास पावले मागे हटते, तेव्हा तिचे कारण बहुधा जवळपासच सापडते : बंदराचा धक्का, खाडीच्या मुखाशी घातलेला भराव, किंवा सुशोभीकरणाच्या नावाखाली सपाट केलेल्या वाळूच्या टेकड्या, ज्यांवर पसरणारी मर्यादावेल हीच त्या वाळूला धरून ठेवणारी असते.

किनारा कोणाच्या मालकीचा, याविषयीचा संभ्रमही लहान नाही. समोर हॉटेल असले की पुढची वाळू त्याचीच, असे मानून सामान्य मनुष्य मुकाट्याने मागे फिरतो. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966, कलम 20 अन्वये भरतीच्या रेषेखालील समुद्राचा, बंदरांचा आणि खाड्यांचा तळ हा राज्य शासनाच्या मालकीचा आहे. तेथे जाळी सुकविणाऱ्या कोळ्याची वहिवाट आणि फिरावयास आलेल्या गिरणीकामगाराचा वावर यांना कोणा खाजगी इसमाने मज्जाव करण्याचे कारण नाही. या कलमाकडे मराठवाड्यातील वाचकाने विशेष लक्ष द्यावे, कारण त्याच वाक्यात समुद्राच्या जोडीने नद्या, ओढे आणि नाले यांचाही उल्लेख आहे. जुहूची ओली वाळू आणि आमच्या तिरू नदीचे पात्र कायद्याच्या एकाच ओळीत बसलेले आहेत.

आणि येथे तो पारावरचा समारोप तपासावा लागतो. जळकोटच्या शिवारावर पडलेले पाणी मुंबईकडे जात नाही. ते तिरू आणि लेंडीतून मांजरेस, मांजरेतून कंदकुर्तीच्या संगमावर गोदावरीस, आणि राजमहेंद्रीवरून बंगालच्या उपसागरास मिळते. त्याच्याबरोबर बालाघाटाच्या काळ्या दगडाचे झिजलेले कण जातात, पुढे देगलूर-बिलोलीकडे ग्रॅनाइटच्या प्रदेशातील पांढरट, टणक कण त्यांत मिसळतात, आणि येसगी, सगरोळी येथील घाटांवर जी वाळू भरली जाते ती याच मिश्रणाची असते. समुद्रापाशी पोहोचणाऱ्या या गाळाची नोंद आंध्रातील संशोधकांनी तपासली असता असे आढळले की 1970 च्या दशकात गोदावरी वर्षाकाठी सुमारे 15 कोटी टन गाळ वाहून नेत होती, आणि 1990 च्या दशकात तो आकडा 6 कोटी टनांच्याही खाली आला. 1976 ते 2000 या काळात तिच्या मुखाजवळच्या प्रदेशाने निव्वळ सुमारे 1,800 हेक्टर जमीन समुद्रास दिली. काकीनाड्याजवळील उप्पाडा, जे कोळ्यांचे आणि जामदानी साड्या विणणाऱ्यांचे गाव आहे, तेथील कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या घरे मागे सरकवीत आली आहेत. त्या किनाऱ्यावर बंदराचा आणि वादळांचाही परिणाम आहे, परंतु गोदावरीची जमा घटली हे त्यातले मोठे कलम आहे.

गाळ अडला तो प्रामुख्याने जायकवाडीपासून पोचमपाडच्या श्रीरामसागरापर्यंतच्या धरणांत. ज्या लातूरकरांना 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून आगगाडीने आलेले पाणी प्यावे लागले, त्यांना कोणी धरणाविरुद्ध उपदेश करू नये, आणि माझाही तसा हेतू नाही. पण धरणाखालच्या पात्रात जी थोडी वाळू उरते, तिच्या लिलावाचा विषय वेगळा आहे. घाटातून किती ब्रास वाळू उचलावयाची हे ठरविताना गेल्या पावसाळ्यात पात्रात किती नवी वाळू आली याची मोजणी हा आधार असावयास पाहिजे. पावसाळ्यापूर्वी एकदा आणि पूर ओसरल्यावर एकदा, त्याच खुणांवर, पात्राची पातळी घेतली म्हणजे ती मोजणी होते, आणि त्यास लागणारे साधन आज प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी उपलब्ध आहे. 2025 साली राज्य शासनाने दगड चुरून केलेल्या कृत्रिम वाळूचे धोरण स्वीकारले असल्यामुळे नदीवरचा भार काही प्रमाणात हलका करण्याचा मार्गही मोकळा झाला आहे. तिरूच्या पात्रातील दोन मोजण्यांचे आकडे तहसील कचेरीच्या फलकावर लिलावाच्या जाहिरातीशेजारी लावले जावेत, आणि त्यांतील फरकाहून अधिक वाळूचा परवाना देऊ नये, एवढी तजवीज या तालुक्यापुरती तरी येत्या पावसाळ्यापासून करता येण्याजोगी आहे.