तुळजापूरच्या रांगेतला कठडा

७ ऑक्टोबर २०२१ रोजी, घटस्थापनेला, करोनामुळे बंद असलेली महाराष्ट्रातली मंदिरं पुन्हा उघडली आणि तुळजाभवानीच्या दर्शनाला रांग लागली. रांगेतला कठडा हजारो हात धरतात. त्या काळात अशा कठड्यांची फार धास्ती होती. प्रयोगशाळेत करोनाचा विषाणू स्टील आणि प्लॅस्टिकवर ७२ तासांपर्यंत सापडला, तांब्यावर जेमतेम ४. पण स्टील-प्लॅस्टिकवरही तो तासागणिक घटत होता, आणि उन्हात तर फारच लवकर संपतो. करोना पसरला तो मुख्यतः श्वासातून, कोंदट जागेत. नोरोव्हायरसचं तसं नाही. उलट्या-जुलाब घडवणारा हा विषाणू कठड्यावर, नळाच्या तोटीवर कित्येक दिवस टिकतो आणि सॅनिटायझरला फारशी दाद देत नाही. म्हणून प्रसाद तोंडात टाकण्याआधी साबणाने हात धुवाच.