ॲबेसिडेरियम : अर्थ नसलेली, पण बोलकी ओळ

आज आपण ‘ॲबेसिडेरियम’ हा शब्द पाहू. लॅटिनमधल्या ए, बी, सी, डी या पहिल्या चार अक्षरांवरून तो तयार झाला. त्याचे अर्थ दोन. एक, मुलांना अक्षरओळख करून देणारं पुस्तक. आपली अंकलिपीच म्हणा ना. दुसरा, दगडावर, खापरावर किंवा पाटीवर सगळी अक्षरं क्रमानं लिहिलेला लेख.

अशा लेखात ना राजाचं नाव असतं, ना दानाची नोंद. मग अभ्यासकांना त्याचं मोल का? एक उदाहरण घेऊ.

इटलीत तस्कनीमधल्या मार्सिलियाना दाल्बेन्या इथल्या थडग्यात हस्तिदंताची छोटी लेखनपाटी सापडली. काळ इ.स.पू. ७०० च्या आसपासचा. मधल्या खोलगट भागात मेण भरून त्यावर लिहायचं, आणि काठावर २६ अक्षरं उजवीकडून डावीकडे कोरलेली. पाटी एट्रुस्कन लोकांची, अक्षरं मात्र ग्रीकांकडून आलेली. गंमत अशी की एट्रुस्कन भाषेत ‘ब’, ‘द’ हे ध्वनी आणि ‘ओ’ हा स्वर नव्हताच. त्यांच्या लेखांमध्ये ही अक्षरं वापरलेली दिसत नाहीत. पाटीवर मात्र ती आपापल्या जागी आहेत!

याचा अर्थ काय? लिहायला लागणारी अक्षरं वेगळी आणि शिकताना घोकायची ओळ वेगळी. आपणही ‘क ख ग घ ङ’ म्हणतो. पण ‘वाङ्मय’सारखे मोजके शब्द सोडले, तर ‘ङ’ लिहितो कुठे?

रोमनांनी लिपी घेतली ती मुख्यतः एट्रुस्कनांमार्फत. लॅटिनला ‘ब’, ‘द’, ‘ओ’ हवे होते, आणि तिच्या लिपीत ते आहेतही. केवळ एट्रुस्कन लेख पाहून ते मिळाले नसते. म्हणून, शिकवण्याची पूर्ण ओळ तोवर टिकून असावी किंवा थेट ग्रीकांचीही मदत झाली असावी, असं मानतात.

उलट, तिसऱ्या अक्षराचं नुकसान झालं. ग्रीकांत ते ‘ग’ होतं. एट्रुस्कनांना ‘क’ आणि ‘ग’ यांत फरक करायची गरज नव्हती, त्यामुळे ते ‘क’ झालं. रोमनांना मग एकाच ‘सी’वर दोन्ही ध्वनी भागवावे लागले. इ.स.पू. तिसऱ्या शतकात त्याच ‘सी’ला एक रेघ जोडून ‘जी’ तयार झाला. ‘गायस’ या नावाचं संक्षिप्त रूप मात्र ‘सी’च राहिलं.

तेव्हा उत्खननात नुसती अक्षरांची ओळ मिळाली, तर ती बिनकामाची समजू नये. समाज काय लिहीत होता हे इतर लेख सांगतात. तो मुलांना काय शिकवत होता, हे ही ओळ सांगते.