दाराखालचा पत्रा

टॅक्सीच्या चाकावर पोट भरलेली घरे आपल्यात पुष्कळ आहेत. त्या घरांतल्या माणसांना पद्मिनी गाडी कशी असते हे सांगायला नको. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बनू लागली, पुढे १९७४ च्या सुमारास तिचे नाव पद्मिनी झाले आणि २००० च्या आसपास ती बनायची बंद झाली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवला नोंदली गेली होती. टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून गेली. खासगी गाड्या मात्र अजून इकडेतिकडे उभ्या दिसतात. काही चालतातही.

आमच्याकडे त्यातलीच एक आहे. वडिलांनी जन्मभर दुसऱ्याच्या मालकीची टॅक्सी शिफ्टने चालवली आणि हातपाय थकल्यावर जुनी का होईना, स्वतःच्या नावावर एक पद्मिनी घेतली. ते गेले, गाडी अंबरनाथला आमच्या थोरल्या भावाच्या, दादांच्या अंगणात आहे. दादा कारखान्यात तीस वर्षे वेल्डर होते. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. ती तारीख जवळ आली म्हणून दादा एके रविवारी गाडीखाली शिरले आणि दाराखालच्या लांब पट्ट्यावर त्यांनी स्क्रूड्रायव्हर टेकवला. तो मुठीपर्यंत आत गेला.

दोन वर्षांपूर्वी एका गॅरेजवाल्याने हाच पट्टा ‘नवीन पत्रा टाकून’ दिला म्हणून आमच्याकडून पैसे घेतले होते. ग्राइंडर लावल्यावर आत काय निघाले? लांबी, डांबर आणि चुरगळलेली वर्तमानपत्रे. वरून झकास रंग. वहिनी दारात उभ्या होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, “भाऊजी, मुलांना घेऊन आपण ह्यातच नाशिकला जाऊन आलो ना?” आमच्याकडे उत्तर नव्हते.

त्यांच्या बोलण्यातले गांभीर्य समजायचे तर गाडीची रचना समजली पाहिजे. ट्रकला खाली लोखंडी चासी असते, बॉडी तिच्यावर बसवलेली असते. पद्मिनीला तशी वेगळी चासी नाही. पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा. दोन्ही बाजूंना दारांखाली जो पोकळ पट्टा जातो, ज्याला इंग्रजीत सिल म्हणतात, तो पुढच्या आणि मागच्या भागाला धरून ठेवतो. तो सडला की गाडी मधून वाकू लागते आणि अपघातात आतल्या माणसाला वाचवायची ताकद तिच्यात राहत नाही. मडगार्डला भोक पडले तर ती शोभेची गोष्ट. दाराखाली पडले तर जिवाची. वरून लांबी भरून हे झाकणारा माणूस गिऱ्हाइकाला नुसता पैशाला फसवत नाही.

गंज आतून का लागतो तेही दादांनी दाखवले. ह्या पट्ट्याच्या तळाला पाणी निथळायला बारीक छिद्रे असतात. चाकाने उडवलेला चिखल त्यांत बसतो, पावसाचे पाणी आत अडकते आणि लोखंड आतल्या आत कुजते. आमच्या गॅरेजवाल्याने तर ती छिद्रे डांबराने बुजवून टाकली होती.

नवा पट्टा कुठून आणायचा? कंपनीचा माल आता मिळत नाही. कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुन्या भागांच्या दुकानांतून दोन चकरा मारल्या. एक पट्टा मिळाला तो आमच्याहून सडका. शेवटी दादांनी पुठ्ठ्याचा नमुना कापला आणि पत्रे वाकवून देणाऱ्या दुकानातून २० गेजच्या, म्हणजे एक मिलिमीटरला थोड्या कमी जाडीच्या सीआर पत्र्याचा पट्टा वाकवून घेतला. जस्त चढवलेला पत्रा स्वस्त आणि टिकाऊ वाटतो, पण वेल्डिंगमध्ये जस्ताचा पांढरा धूर निघतो आणि तो छातीत गेला की रात्री थंडीताप भरतो. तो नको म्हणाले.

वेल्डिंग कोणते, हा पुढचा प्रश्न. ग्रिलवाले वापरतात ते रॉडचे वेल्डिंग इतक्या पातळ पत्र्याला चालत नाही, पत्रा लगेच जळून भोक पडते. गॅस वेल्डिंगने जुने डेंटर उत्तम काम करत, पण त्यात बराच भाग तापतो आणि नवख्याच्या हातून पत्रा पापडासारखा वाकडा होतो. दादांनी सीओटूचे, म्हणजे बारीक वायर आपोआप पुढे येते ते मशीन भाड्याने आणले. घरच्या सिंगल फेजवर ते चालते. मात्र उघड्या अंगणात वारा आला की गॅस उडून जातो आणि टाका जाळीदार, कच्चा पडतो. म्हणून आडोशाला पत्रे उभे केले. ताडपत्री नाही, ती पेटते.

मशीन चालू करण्याआधीच एक अख्खा दिवस गेला. बॅटरी सोडली. पेट्रोलची टाकी काढून अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला नेली. पुष्कळांना वाटते, टाकी रिकामी केली की झाले. उलट आहे. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी धोक्याची, कारण तिच्यात पेट्रोलची वाफ कोंडलेली असते आणि स्फोट वाफेचा होतो. मग सीटा, गालिचा, आतला डांबरी थर, त्या बाजूच्या वायरी, सगळे काढले. वाळूची बादली आणि पाण्याची बादली जवळ. अंगात सुती कपडे. टेरिकॉट नाही, ठिणगीने ते वितळून कातडीला चिकटते.

नंतर जे झाले त्यात चूक आमची. जुना पट्टा कापण्याआधी दाराच्या चौकटीत लोखंडी अँगल आडवा जोडून चौकट जखडून घ्यायची, असे दादा म्हणत होते. आम्हीच म्हणालो, एवढ्याशा कामाला कशाला, मशीनचे भाडे चढते आहे. दादांनी ऐकले. पट्टा कापला, नवा बसवला, टॅक मारले आणि दार लावून पाहिले तर लागेना. आधार काढून घेतल्यावर गाडी मध्ये बसली होती आणि वरच्या बाजूला दाराची फट चार-पाच मिलिमीटरने आवळली होती. तसेच पुढे पक्के वेल्डिंग केले असते तर गाडी कायमची वाकडी झाली असती. दादा एक शब्द बोलले नाहीत. ग्राइंडर घेतला आणि सगळे टॅक एकेक करून कापले. दुपार त्यातच गेली. मग मधोमध लाकडी फळी घालून जॅकने गाडी केसाकेसाने उचलली, दार सहज लागेपर्यंत. अँगल जोडला. पुन्हा सुरुवात.

टाके घालायची रीत पाहण्यासारखी होती. कारखान्यात जिथे स्पॉट वेल्डिंग असते तिथे नव्या पत्र्याला आठ मिलिमीटरची भोके पाडून त्यांतून खालच्या पत्र्याशी जोड भरायचा. जिथे कडेला कड येते तिथे एक टॅक ह्या टोकाला, दुसरा त्या टोकाला, तिसरा मध्ये. एका जागी सलग ओढायचे नाही. बोट टेकवता येईल इतके निवले की मगच शेजारचा टाका. घाईने पाणी ओतून निववायचे नाही. आतल्या पट्ट्याला तळहाताएवढे भोक होते, तिथे मागून तांब्याची पट्टी धरली. वितळलेले लोखंड तांब्याला चिकटत नाही, त्यामुळे भोक स्वच्छ भरले.

सुरू करण्याआधी दादांनी पुतण्याकडून टाकाऊ पत्र्याच्या दोन पट्ट्या जोडून घेतल्या, पक्कडीत धरून हातोडीने वाकवल्या. पत्रा फाटला आणि जोड टिकला तर काम खरे. पुतण्याचे पहिले चार जोड सुटले, पाचवा टिकला. तरी त्याला दाराखालच्या पट्ट्याला हात लावू दिला नाही. मागच्या फ्लोअरचा एक तुकडा दिला. आमचेही मत तेच आहे. हौसेने शिकणाऱ्याने फ्लोअर करावा, मडगार्ड करावे. गाडीचा भार पेलणाऱ्या भागाला मुरलेला हात पाहिजे.

त्याच पुतण्याने पत्रा धरताना दोन-चार वेळा काचेविना नजर टाकली. तेव्हा काही झाले नाही. रात्री एक वाजता मात्र डोळ्यांत वाळू ओतल्यासारखा ओरडत उठला. “काका, दिवा घालवा!” वेल्डिंगच्या उजेडातले अतिनील किरण बुबुळाची वरची त्वचा भाजतात आणि त्रास काही तासांनी सुरू होतो. शेजारच्या मावशींनी बटाट्याचा कीस आणला होता, वहिनींनी तो डोळ्यांत घालू दिला नाही. थंड पाण्याची ओली पट्टी फक्त मिटल्या पापण्यांवर ठेवली आणि सकाळी डॉक्टर गाठला. दोन दिवसांत बरे वाटले. त्या डॉक्टरांनी बजावले, बधिर करणारे थेंब दुकानातून आणून घरी वारंवार घालू नका, त्याने बुबुळाला इजा होते. कारखान्यात राबलेल्या आपल्या किती माणसांनी ह्या रात्री मुकाट काढल्या असतील. दादांना विचारले तर हसले. “मोजल्या नाहीत,” म्हणाले.

रोजचे काम संपल्यावर दादा अर्धा तास तिथेच खुर्ची टाकून बसत. ठिणगी फटीत शिरून उशिराने धुमसते. दुसऱ्या संध्याकाळी खरोखरच मागच्या सीटखालच्या उरल्यासुरल्या नमद्यातून धूर आला. अर्ध्या बादलीत भागले.

जोड घासून रेड ऑक्साइड मारला, सांध्यांना सीलर लावले, गाडीला रंग मारला आणि सगळे थंड झाल्यावर पट्ट्याच्या पोकळीत गंजरोधक मेणाचा फवारा सोडला. तो वेल्डिंगच्या आधी सोडायचा नसतो, पेट घेतो. तळाची निथळायची छिद्रे दादांनी तारेने मोकळी करून घेतली आणि बाटलीने आत पाणी ओतून ते खाली गळते की नाही ते पाहिले. गळले.

ही झाली डावी बाजू. उजव्या बाजूला स्क्रूड्रायव्हर बोटभर आत जातो. ती कापायची आहे पावसाळा संपल्यावर, आणि अँगल आत्ताच आणून ठेवला आहे. तोपर्यंत गाडी अंगणातच आहे, मुलांना तिच्यात बसायचे असेल तर उभ्या गाडीत बसतात.