हात लावू नये

आपल्याकडच्या वस्तुसंग्रहालयांत आधी भेटते ती ‘हात लावू नये’ ही पाटी. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाने २०१५ मध्ये ‘अनुभव’ दालन उघडले. तिथल्या प्रतिकृती हातांनीच पाहायच्या. डोळ्यांना मूर्ती एकदम दिसते, बोटांना तुकड्यातुकड्याने. मोहेंजोदडोची नर्तकी मुळात जेमतेम साडेदहा सेंटिमीटरची. तेवढ्यात डाव्या हातभरच्या बांगड्या बोटांना वेगवेगळ्या लागणे कठीण. म्हणून प्रतिकृती केवढी करावी, हा प्रश्न मी अभ्यासाचाच मानतो. पण खरी अडचण माणसांपाशी येते. एका संग्रहालयात (नाव सांगत नाही) माझ्या दृष्टिहीन मित्राचा हात रखवालदाराने प्रतिकृतीवरूनच झटकला. शेजारी ब्रेल पाटी होती. रखवालदार नवा, त्याला कुणी सांगितलेच नव्हते. मित्र त्यानंतर तिथे गेलेला नाही.